धैर्य कशास म्हणावें?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा तंटा उपस्थित झाला. तंट्याचें मूळ आमच्या नातवाच्या उजव्या मनगटांत होतें. शाळांशाळांमधील कबड्डीच्या सामन्यांत पूर्वार्धांतच त्याचें मनगट दुखावलें. परंतु स्वारीनें तें कोणास न दाखवितां सामना शेवटपर्यंत खेळून काढला, आणि दिवेलागणीच्या सुमारास सुजलेला हात पाठीमागें लपवीत घरांत पाऊल टाकलें. फोटो काढला तों हाड चिरल्याचें निघालें, प्लॅस्टर बसलें. त्याच्या आजीनें आधीं देवापुढें साखर ठेविली, आणि मग त्यास यथेच्छ बोलून घेतलें. त्याचे काका कॉलेजांत असतां स्वतः खेळत असत, त्यांनीं "शाबास!" म्हणून पाठ थोपटली. त्यामुळें सूनबाईंनीं दिरांशीं अबोला धरला. रात्रीं पंक्तीस बसल्यावर घरांत सरळ दोन पक्ष पडले, आणि वाद ऐन रंगांत आला असतां मुलानें डाव्या हातांतला चमचा खालीं ठेवून आम्हांस विचारलें, "आजोबा, अ‍ॅलन प्रेस्कॉट मोडक्या हातानें सबंध टेस्ट खेळला. त्याला सगळे शूर म्हणतात. मग मलाच बोलणीं कां?"

हें नांव आम्हीं पूर्वीं ऐकलेलें नव्हतें. न वाचलेल्या धड्यावर प्रश्न आला म्हणजे "उद्यां सांगतों" असें म्हणावें, ही पस्तीस वर्षें खडू झिजविल्याची सवय आहे. आम्हीं नातवाकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. ते आठ दिवस इंग्लंडच्या उत्तर भागांतील कोळशाच्या आणि कांचेच्या गांवांत मनानें हिंडण्यांत गेले. त्यांतून जें हातीं लागलें तें प्रथम वाचकांपुढें ठेवतों. निकालाचें शेवटीं पाहूं.

इंग्लंडांत रग्बीचे दोन पंथ आहेत, आणि त्यांची ताटातूट भाऊबंदांच्या ताटातुटीप्रमाणें पैशावरून झाली. खेळाच्या मूळ चालकांचा दंडक असा होता कीं, खेळाडूनें खेळाबद्दल एक पैहि घेतां कामा नये. सुखवस्तु मंडळींस हा दंडक शोभत असे. परंतु उत्तरेंत, यॉर्कशर आणि लँकेशर ह्या परगण्यांत, तोच खेळ खाणींतले आणि गिरण्यांतले कामगार खेळत. सामन्यासाठीं कामावर खाडा झाला कीं त्यांची मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी तेवढी भरून द्यावी, इतकीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हां २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत जमून त्यांनीं आपली निराळी चूल मांडली. भरपाईची मर्यादा दिवसाला सहा शिलिंग ठरली. ह्या निराळ्या चुलीवर जो खेळ शिजला तोच पुढें रग्बी लीग ह्या नांवानें प्रसिद्धीस आला. आमच्या कथानायकाचें जन्मगांव विड्नेस, त्याचा पहिला क्लब हॅलिफॅक्सचा आणि दुसरा सेंट हेलेन्सचा. ह्या तिन्ही गांवांचे क्लब ह्या वेगळ्या झालेल्या कुटुंबांत आरंभापासूनचे आहेत. अंगमेहनत करून पोट भरणाऱ्यांचा हा खेळ आहे, ही गोष्ट पुढील हकीकत वाचतांना वाचकांनीं मनांत बाळगावी.

आतां खेळाविषयीं चार शब्द. प्रत्येक बाजूस तेरा गडी. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा. तो पोटाशीं धरून पुढें धांवतां येतें. मात्र सहकाऱ्याकडे हातानें टाकावयाचा तो मागच्या बाजूसच. प्रतिपक्षानें धांवणाऱ्यास धरून खालीं पाडावयाचें. धरणें, सुटणें, पाडणें ही कला कबड्डी पाहणाऱ्यांस मुद्दाम समजावून सांगावयास नको. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला कीं 'ट्राय' होतो. त्याचे त्या काळीं तीन गुण मिळत, आणि लाथेनें चेंडू आडव्या दांडीवरून धाडल्यास दोन. सामना ऐंशी मिनिटांचा. चाळिसाव्या मिनिटाला मध्यंतर. पाडलेल्या गड्यानें उठून पायानें चेंडू मागें सारावयाचा आणि पुन्हां धडक सुरू. हल्लीं अशा सहा धडकांनंतर चेंडू सोडावा लागतो. परंतु ज्या काळाविषयीं आम्ही लिहीत आहों त्या काळीं अशी कांहींच मर्यादा नव्हती. पहिली मर्यादा १९६६ सालीं आली. चेंडू हातचा जाईपर्यंत धडकत राहावयाचें, असा तो प्रकार होता.

हें धडकण्याचें काम 'फॉरवर्ड' नांवाच्या सहा गड्यांकडे असतें. चेंडूसाठीं दोन्हीं बाजूंचे सहा-सहा गडी डोकीं खुपसून, खांद्याला खांदा भिडवून रेटा देतात, त्यास 'स्क्रम' म्हणतात. तींत पहिल्या रांगेंत तिघे. मधल्यानें दोहों बाजूंच्या गड्यांच्या खांद्यांवर आपले हात टाकून जवळजवळ लोंबकळावयाचें आणि पायानें चेंडू मागें ओढावयाचा. बाजूचे दोघे ते 'प्रॉप'. इंग्रजींत ह्या शब्दाचा अर्थ टेकू. आपल्याकडे कलत्या भिंतीस जो धिरा देतात तो. मधल्याचा भार, मागच्या तिघांचा रेटा आणि समोरच्या सहांचा धक्का, हें सारें धिऱ्यानें सोसावयाचें. टाळ्या मिळतात त्या कडेनें हरणासारख्या पळणाऱ्या विंगरास. धिऱ्याकडे पाहतो कोण? घरांतहि असेंच असतें. तुळईकडे लक्ष जातें तें ती वाजूं लागल्यावर!

अ‍ॅलन प्रेस्कॉट हा असा धिरा होता. त्याचा जन्म १९२७ सालच्या जून महिन्यांत विड्नेस येथें झाला. मर्सी नदीच्या कांठचें हें गांव रसायनांच्या कारखान्यांमुळें नांवारूपास आलेलें. गंमत अशी कीं, हॅलिफॅक्सच्या क्लबांत त्यानें आरंभ केला तो कडेनें पळणारा विंगर म्हणून. पुढें अंग भरलें, वजन वाढलें, तसतसा तो कडेचा मध्यावर आला आणि अखेरीस पहिल्या रांगेंत प्रॉपच्या जागीं स्थिरावला. परंतु पायांतला वेग सर्वस्वीं गेला नव्हता. भार सोसणारा आणि वेळ पडल्यास पळणारा, असा दुहेरी गुणाचा फॉरवर्ड त्यामुळें तयार झाला. डोक्यावरच्या तांबड्या केसांमुळें गर्दींतहि तो चटकन ओळखूं येई.

१९४९ सालीं तो सेंट हेलेन्सच्या क्लबांत आला. हें गांव कोळशाचें आणि कांचेचें. पिल्किंग्टन कंपनीचा कांचेचा कारखाना तेथें १८२६ सालीं सुरू झालेला. आठवडाभर कारखान्यांत किंवा खाणींत राबावें आणि सुटीच्या दिवशीं नोझ्ली रोडच्या मैदानावर उभें राहून आपल्या संघास ओरडून बळ द्यावें, असा तेथील लोकांचा परिपाठ. १९५२ सालीं जिम सलिव्हन हा नाणावलेला जुना खेळाडू त्या क्लबास शिक्षक म्हणून लाभला आणि संघाचें नशीब उघडलें. १९५३ सालीं लंडनच्या वेंब्ली मैदानावर चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यांत हडर्सफील्डनें त्यांस १५–१० असें हरविलें. परंतु त्याच हंगामांत हॅलिफॅक्सचा २४–१४ असा पराभव करून त्यांनीं चँपियनशिप मिळविली. जो क्लब सोडून प्रेस्कॉट आला त्याच क्लबाविरुद्ध हा विजय होता.

चॅलेंज कप मात्र सेंट हेलेन्सला कधींच मिळाला नव्हता. तो योग १९५६ सालीं, प्रेस्कॉट कर्णधार असतां, आला. आणि पुन्हां गांठ पडली ती हॅलिफॅक्सशींच. मध्यंतरापर्यंत दोहों बाजूंस भोपळा. उत्तरार्धांत कोंडी फुटली आणि सेंट हेलेन्सनें १३–२ असा विजय मिळविला. तीन ट्रायांपैकीं एक स्वतः प्रेस्कॉटचा होता. त्या सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूस लॅन्स टॉड ह्यांच्या नांवाचें पारितोषिक देण्यांत येतें. तेंहि त्या दिवशीं त्यासच मिळालें. धिऱ्याला टाळ्या मिळण्याचा तो एक अपूर्व दिवस होय.

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड मिळून जो ग्रेट ब्रिटनचा संघ होई, त्यांत प्रेस्कॉट १९५१ पासून १९५८ पर्यंत २८ टेस्ट सामने खेळला. त्यांपैकीं १७ सामन्यांत तो कर्णधार होता. १९५६ सालच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडांत आला, तेव्हां त्याच्या नेतृत्वाखालीं ब्रिटननें मालिका २–१ अशी जिंकली. १९५७ सालीं ऑस्ट्रेलियांत झालेल्या वर्ल्ड कपांत मात्र ऑस्ट्रेलियानें त्याचें उट्टें काढलें. आणि मग १९५८ सालचा दौरा आला.

ह्या दौऱ्याचा व्यवस्थापक टॉम मिचेल, शिक्षक जिम ब्रफ, आणि कर्णधार प्रेस्कॉट. संघांत नवीं पोरें होतीं. प्रेस्कॉटच्याच क्लबाचा अ‍ॅलेक्स मर्फी तर अवघा एकोणीस वर्षांचा. १४ जून रोजीं सिडनी येथें पहिली टेस्ट झाली आणि ब्रिटनचा २५–८ असा धुव्वा उडाला. तीन सामन्यांची मालिका. दुसरा हरला कीं सारें संपलें. अशा परिस्थितींत ५ जुलै रोजीं ब्रिस्बेनच्या एक्झिबिशन मैदानावर दोन्ही संघ उतरले.

खेळ सुरू होऊन पांच मिनिटेंहि झालीं नव्हतीं, तोंच एका धडकेंत प्रेस्कॉटच्या उजव्या हाताचें कोपराखालचें हाड मोडलें. वाचकहो, येथें एक क्षण थांबावें. ह्या खेळांत प्रॉपचा हात हें त्याचें हत्यार. त्यानेंच सोबत्यास आवळावयाचें, त्यानेंच प्रतिपक्षास कवटाळून पाडावयाचें, त्यानेंच चेंडू पोटाशीं धरावयाचा. तो हात शरीराच्या बाजूस निरुपयोगी लोंबूं लागला. दुसरा कोणी असता तर बाहेर गेला असता, आणि जाण्यांत कोणताहि कमीपणा नव्हता. परंतु त्या काळच्या नियमांत बदली खेळाडूची तरतूदच नव्हती. जो बाहेर गेला त्याची जागा सामना संपेपर्यंत रिकामी.

प्रेस्कॉट थांबला. थोड्याच वेळांत डेव्ह बोल्टन ह्याच्या गळपट्टीचें हाड मोडलें. त्यास बाहेर जावेंच लागलें. बारा उरले. त्यांतहि व्हिन्स कॅरॅलियसची पाठ दुखावली, जिम चॅलिनरचा खांदा आणि एरिक फ्रेझरचें कोपर. तेरांपैकीं धडधाकट म्हणावेत असे आठच गडी राहिले. मध्यंतरांत डॉक्टरांनीं प्रेस्कॉटचा हात तपासून हाड मोडल्याचें सांगितलें. आतां तरी कर्णधार बाहेर बसेल असें कोणासहि वाटावें. परंतु तो बसता तर अकरा उरत, आणि त्या अकरांतहि तिघे जायबंदी. उत्तरार्धाची शिटी झाली तेव्हां तो आपल्या गड्यांबरोबर मैदानांत उतरला.

पुढील चाळीस मिनिटें त्यानें कशीं काढलीं असतील ह्याची कल्पना आमच्यासारख्या खुर्चींत बसून लिहिणाऱ्यानें न करावी हेंच बरें. डाव्या हातानें तो गडी अडवी. स्क्रममध्यें डोकें खुपसून रेटा सोसी. बाकीच्यांस धीर देई. बोल्टनची जागा कॅरॅलियसनें घेतली. तो मूळचा फॉरवर्ड, दुखऱ्या पाठीनिशीं. पण कोवळ्या मर्फीच्या शेजारीं उभा राहून त्यानें तें अनोळखी काम उत्तम वठविलें. ब्रिटननें पांच ट्राय केले: मिक सलिव्हननें दोन, आणि चॅलिनर, मर्फी व साउथवर्ड ह्यांनीं प्रत्येकीं एक. दुखऱ्या कोपराच्या फ्रेझरनें लाथेनें पांच गोल साधले. शेवटची शिटी झाली तेव्हां फलक २५–१८ असा होता, आणि विजय ब्रिटनचा होता. त्या देशांत ह्या लढतीस आजहि 'प्रेस्कॉटचा सामना' असें म्हणतात.

मालिकेंत बरोबरी झाली. १९ जुलै रोजीं सिडनीच्या क्रिकेट मैदानावर तिसरी टेस्ट झाली, तीत ब्रिटननें ऑस्ट्रेलियाचा ४०–१७ असा फडशा पाडला आणि मालिका जिंकली. त्या विजयांत प्रेस्कॉट मैदानावर नव्हता. फिल जॅक्सन ह्यानें कर्णधारपण संभाळलें. मोडक्या हातानिशीं खेळलेली ब्रिस्बेनची टेस्ट हीच प्रेस्कॉटची शेवटची टेस्ट ठरली. झाड ज्यानें जगविलें त्यास फळ तोडतां आलें नाहीं. परंतु त्याबद्दल कुरकुर करण्याचा त्याच्या जातीच्या गड्यांचा स्वभाव नसतो.

हात बरा झाला. १९५९ सालच्या मे महिन्यांत चँपियनशिपच्या अंतिम सामन्यांत सेंट हेलेन्सनें हंस्लेटचा ४४–२२ असा पराभव केला, तेव्हां प्रेस्कॉट पुन्हां आपल्या जागीं, पहिल्या रांगेंत होता. पुढें सलिव्हननंतर तो त्याच क्लबाचा शिक्षक झाला, आणि त्याच्या शिकवणीखालीं १९६१ सालीं सेंट हेलेन्सनें शेजारच्या विगनला १२–६ असें नमवून चॅलेंज कप दुसऱ्यांदा आणला. १९९८ सालीं प्रेस्कॉट निवर्तला. इतकें त्याचें चरित्र.

आतां आमच्या पुढ्यांतील प्रश्न. मोडक्या हातानें खेळत राहणें हें धैर्य कीं अविचार?

आपल्या भाषेंत दोन शब्द आहेत, ते आपण हल्लीं एकाच अर्थानें वापरतों: धैर्य आणि साहस. मुलांच्या पुस्तकांतून 'साहसकथा' असतात आणि त्या वाचून मुलांनीं स्फुरण घ्यावें अशी आपली इच्छा असते. परंतु जुन्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचीं म्हणजे दाव्यांचीं जीं अठरा पदें सांगितलीं त्यांत साहस हें एक पद आहे! बळाच्या जोरावर, परिणामाची पर्वा न करतां केलेलें कृत्य तें साहस. तें दंडास पात्र. धैर्य हा निराळा पदार्थ. धीर म्हणजे न डगमगणारा. पण नुसता न डगमगणारा नव्हे, तर विचारानें स्थिर असलेला. संस्कृतांत धीर शब्दाचा शहाणा असाहि अर्थ आहे, हें विसरूं नये. आणि मराठींतल्या 'धिरा' शब्दांत हाच धीर आमच्या कानांस ऐकूं येतो.

ह्या कसोटीवर ब्रिस्बेनचा प्रसंग घासून पाहूं. प्रेस्कॉट थांबला तो लोकांनीं आपणांस शूर म्हणावें म्हणून नव्हे. त्याच्यापुढें एक साधा हिशेब होता. आपण गेलों तर आपली जागा रिकामी राहील. आपला भार उरलेल्यांच्या अंगावर पडेल. त्यांतले तिघे स्वतःच दुखावलेले आहेत. आणि एकोणीस वर्षांचा पोरगा समोर उभा आहे. एका हाताचा धिरा कांहीं नसण्यापेक्षां बरा, एवढें त्या हिशेबाचें उत्तर. दुसरें असें कीं, त्यानें दुखणें लपविलें नाहीं. डॉक्टरांनीं हात पाहिला होता, सोबत्यांस ठाऊक होतें; जें केलें तें उजेडांत, पुरतें जाणून केलें. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. बोल्टन बाहेर गेला. त्यास आजवर कोणी भ्याड म्हटलेलें आमच्या वाचनांत नाहीं. जें ओझें प्रेस्कॉटनें स्वतः उचललें तें त्यानें दुसऱ्याच्या डोक्यावर ठेविलें नाहीं. कर्णधार आणि मुकादम ह्यांच्यांतला भेद हाच.

परंतु म्हणून त्या नियमाची तरफदारी करावी काय? मुळींच नाहीं. असला प्रसंग त्या खेळांत पूर्वींहि येऊन गेला होता. ४ जुलै १९१४ रोजीं सिडनी येथें ब्रिटनचे गडी एकामागून एक जायबंदी होत गेले. डग्लस क्लार्क नांवाचा बळकट फॉरवर्ड अंगठा मोडला तरी खेळत राहिला, आणि पुढें गळपट्टीचें हाड मोडलें तेव्हां नाइलाजानें बाहेर पडला. हॅरॉल्ड वॅगस्टाफच्या नेतृत्वाखालीं उरलेल्या दहांनीं खिंड लढविली आणि १४–६ असा जय मिळविला. त्या सामन्याचे पोवाडे त्या देशांत फार झाले. परंतु ज्यानें त्या दिवशीं शहाणे व्हावयाचें तो नियम चव्वेचाळीस वर्षांनंतर ब्रिस्बेनलाहि जसाच्या तसा होता! बदली खेळाडूची सोय इंग्लंडांत १९६४ सालीं झाली, आणि तीहि आरंभीं मध्यंतरापूर्वीं दुखावलेल्यांपुरतीच. पोवाडा गाणें सोपें असतें. नियम सुधारणें जड जातें. एखाद्याच्या असामान्य सोसण्यावर व्यवस्था निभावून गेली म्हणजे व्यवस्था पाहणारांस ती बरी आहे असें वाटूं लागतें. आमच्या एकत्र कुटुंबांतून एखादी काकू किंवा थोरला भाऊ वर्षानुवर्षें असाच एका हातानें भार सोशीत असतो, आणि बाकीचे आम्ही त्याच्या सोशिकपणाची स्तुति करून हात धुतों. त्यास बदली मिळावी हा विचार कोणाच्या मनांत येत नाहीं.

येथें आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. ती कबूल केल्यावांचून नातवास उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. वीसएक वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतला एक विद्यार्थी खो-खो खेळतांना पडला आणि कोपराची दुखापत लपवून तसाच खेळला. सामना जिंकला. दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं आम्हीं त्यास पुढें उभा करून सर्व शाळेसमक्ष त्याची वाहवा केली, आणि धैर्यावर पंधरा मिनिटें बोललों. त्या पंधरा मिनिटांनीं दुहेरी नुकसान केलें. वाहवा मिळाल्यावर कोपर दुखतें असें म्हणण्याची त्या मुलास लाज वाटूं लागली. घरच्यांस कळलें तोंवर हाड वांकडें जुळून गेलें होतें, आणि तो हात पुढें कधींच सरळ झाला नाहीं. दुसरें नुकसान असें कीं, त्या वर्षीं दुखणें लपविणाऱ्या मुलांची संख्या वाढली. आम्हीं त्यांस धैर्य शिकवीत आहों असें मानलें होतें. प्रत्यक्षांत शिकविलें तें लपविणें. तो विद्यार्थी आतां मोठा गृहस्थ झाला आहे. रस्त्यांत भेटला म्हणजे आदरानें नमस्कार करतो. त्याचा एक हात पुरता वर येत नाहीं, हें आम्हांस प्रत्येक वेळीं दिसतें.

आठ दिवस संपल्यावर आम्हीं नातवास जवळ बसवून ही सर्व हकीकत, आमच्या चुकीसह, सांगितली. मग विचारलें, "तुमच्या सामन्यांत कडेला राखीव गडी किती बसले होते?"

तो थोडा घुटमळला. म्हणाला, "पांच."

"त्यांच्यापैकीं कोणी चांगला खेळतो?"

"एक जण खेळतो. त्याला ह्या वर्षीं एकदांहि संधि मिळाली नाहीं."

"आणि गुरुजींना हात दुखावल्याचें सांगितलें होतेंस?"

ह्यावर त्यानें नुसती मान हलविली. उत्तर त्याचें त्यासच सांपडलें होतें. आम्हीं त्यावर अधिक चढविलें नाहीं. थोड्या वेळानें त्यानेंच विचारलें, "म्हणजे प्रेस्कॉट शूर होता कीं नाहीं?"

आम्हीं म्हटलें, "होता. फार शूर होता. त्याची जागा घ्यावयास कोणी नव्हतें, म्हणून तो थांबला. तुझी जागा घेणारा कडेला उठून उभा होता, त्याला तूं बसवून ठेवलेंस. हात मोडणें दोघांचें सारखें. बाकी कांहींच सारखें नाहीं."

काका दारांत उभे राहून ऐकत होते. त्या रात्रीं पानावर बसल्यावर ते आपण होऊनच म्हणाले कीं, पाठ थोपटण्याच्या आधीं मनगट पाहावयास हवें होतें. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. पण दिरांच्या वाटींत ताक वाढावयास त्या स्वतः पुढें आल्या, त्यावरून अबोला सुटला असें सर्वांनीं समजावें तें समजलें.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मुलें आहेत, आणि तीं शूर व्हावींत असें प्रत्येकास वाटतें. वाटावेंच. परंतु मूल दुखणें सोसून उभें राहिलें असें दिसलें म्हणजे टाळी वाजविण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं, त्यास सोसावें कां लागलें, आणि त्याची जागा घेणारा कोणी होता कीं नव्हता. नसल्यास ती उणीव त्या मुलाची नव्हे, आम्हां वडील मंडळींची आहे. आणि ती भरून काढण्याचें काम टाळ्यांनीं होत नसतें. नातवाचें प्लॅस्टर अजून तीन आठवड्यांनीं निघावयाचें आहे. काल शाळेंतून येऊन त्यानें सांगितलें कीं, राखीव बांकावरच्या त्या गड्यानें पुढच्या सामन्यांत चार गडी बाद केले. सांगतांना त्याचा चेहरा थोडा उतरलेला आणि थोडा आनंदलेला असा होता.